स्वायत्त प्रदेशांचा खेळ-संच: चार शनिवार वर्गात वापरून झाल्यावर लिहितेय

मी राज्यशास्त्र शिकवते. संघराज्य आणि एकात्म राज्य हे दोन कप्पे मुलं धडाधड पाठ करतात, पण या दोघांच्या मधे जे आहे ते कुणालाच धड सांगता येत नाही. म्हणजे देश एक, लष्कर एक, चलन एक, पण त्यातल्या एखाद्या बेटाला किंवा डोंगराळ जिल्ह्यांना स्वतःची विधानसभा, स्वतःचे कायदे, कधी स्वतःचा झेंडा. "मॅडम, मग ते वेगळं राज्यच झालं ना?" हा प्रश्न दरवर्षी येतो. नाही झालं, आणि का नाही झालं हे फळ्यावर लिहून पटत नाही, म्हणून हा संच मागवला आणि सतरा मुलांबरोबर चार शनिवार, दर वेळी साधारण अडीच तास, असा खेळवला. एकदा डबा उघडून लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा, चारही फेऱ्या पूर्ण करून लिहितेय.

घाईत असाल तर एवढंच सांगते की शिकवणाऱ्यांनी नक्की घ्यावा, माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा का कापला ते पुढे येईलच, आणि तो छपाईसाठी नाही कापलेला.

डब्यात एका काल्पनिक देशाचा मोठा नकाशा आहे, त्यात एक प्रदेश वेगळ्या रंगात. साठ अधिकार-पत्ते, म्हणजे शाळा, पोलीस, जंगल, बंदर, टपाल, नागरिकत्व, खाणी वगैरे. पुठ्ठ्याची नाणी. "कुलूप" नावाचे बारा पत्ते. आणि आठ छोट्या पुस्तिका, प्रत्येकीत एका खऱ्या प्रदेशाची गोष्ट. वर्गाचे चार गट करायचे: केंद्र, प्रदेश, प्रदेशाच्या आत राहणारा छोटा गट, आणि पंच. चार फेऱ्यांत मिळून एक सनद लिहायची, म्हणजे प्रदेशाचे अधिकार ठरवणारा मूळ कायदा. सगळं इंग्रजीत आहे, त्यामुळे पत्त्यांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवण्यात माझ्या दोन रात्री गेल्या, पण त्याचा फायदा असा झाला की स्वायत्त आणि स्वतंत्र हे दोन शब्द मुलं एकाच अर्थाने वापरत होती ते पहिल्याच दिवशी समोर आलं आणि तिथेच थांबून बोलता आलं.

पहिली फेरी अधिकार वाटायची. संरक्षण, परराष्ट्र, चलन, नागरिकत्व हे पत्ते केंद्राच्या गटाने लगेच उचलले आणि प्रदेशानेही फार खळखळ केली नाही. ग्रीनलंडच्या पुस्तिकेत हेच दिसतं. डेन्मार्कने १९७९ मध्ये तिथे गृहराज्य (होम रूल, घरचा कारभार घरी) दिलं, २००९ च्या स्वशासन कायद्याने ते बरंच वाढवलं, आणि एक यादीच दिली की हे विषय तुम्हाला हवे तेव्हा एकेक करून घ्या, पण घेतलेल्या विषयाचा खर्चही तुमचाच. परराष्ट्र धोरण, संरक्षण, चलन, सर्वोच्च न्यायालय मात्र कोपनहेगनकडेच, म्हणजे डेन्मार्कच्या सरकारकडेच. हे "हवं तेव्हा घ्या" प्रकरण मुलांना फार आवडलं. एका मुलाने विचारलं की न घेतलेला विषय तसाच पडून राहतो का, तर नाही, तोवर तो डेन्मार्क चालवतं.

या फेरीचा खरा जीव आहे तो "नवा विषय" नावाच्या पत्त्यांत. वाटणी संपते, सगळे निवांत होतात आणि मग पंचांनी एक पत्ता उलटायचा. आमच्याकडे निघाला "समुद्रातल्या पवनचक्क्या". हा विषय वाटणीत कुठेच नव्हता! वीज प्रदेशाकडे, समुद्र केंद्राकडे. वीस मिनिटं नुसता गोंधळ. मग कुठे लक्षात येतं की यादी कशी लिहिलीय यावर सगळं अवलंबून आहे. प्रदेशाला काय दिलं याची यादी केली तर यादीबाहेरचं आपोआप केंद्राचं, आणि केंद्राने काय राखून ठेवलं याची यादी केली तर यादीबाहेरचं प्रदेशाचं. स्कॉटलंडचं उदाहरण पुस्तिकेत फार छान घेतलंय. १९७८ च्या कायद्यात दिलेल्या विषयांची यादी होती, तो कायदा अंमलात आलाच नाही, १९९८ चा कायदा आला त्यात उलटं केलं, राखीव विषय लिहिले आणि बाकीचं एडिंबराकडे, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेकडे सोडलं. वेल्सला या पद्धतीवर यायला २०१७ चा कायदा लागला. शेषाधिकार, म्हणजे यादीबाहेरच्या विषयांवरचा अधिकार, हा शब्द मी दहा वर्षं शिकवतेय, पण मुलांच्या चेहऱ्यावर तो कळल्याचं पहिल्यांदा त्या पवनचक्कीमुळे दिसलं.

स्पेनचं मात्र पुस्तिकेत गुंडाळलंय असं मला वाटलं. १९७८ च्या राज्यघटनेने प्रदेशांची नावंसुद्धा लिहिली नाहीत, फक्त दार उघडं ठेवलं, लवकर येणाऱ्यांसाठी एक वाट आणि सावकाश येणाऱ्यांसाठी दुसरी. बास्क आणि कॅटलान सनदा १९७९ मध्ये आल्या आणि १९८३ पर्यंत सगळा देश १७ स्वायत्त समुदायांत विभागला गेला, पुढे सेउता आणि मेलिया या दोन शहरांनाही स्वायत्त शहरांचा दर्जा मिळाला. शेषाधिकाराचं तिथलं उत्तरही तिसरंच आहे. राज्यघटनेने केंद्रासाठी राखून न ठेवलेलं प्रदेश आपल्या सनदेत लिहून घेऊ शकतो, आणि लिहून घेतलं नाही तर ते केंद्राकडे राहतं. म्हणजे मागितलं त्याला मिळालं. हे एवढं महत्त्वाचं असून पुस्तिकेत दोन वाक्यं, आणि कॅटलोनियाच्या सार्वमतावर चार पानं.

दुसरा शनिवार पैशांचा, आणि माझ्या मते या संचातली सगळ्यात ताकदीची फेरी हीच.

प्रदेशाच्या गटात एक मुलगी अर्थमंत्री झाली होती. पहिल्या शनिवारी तिने शाळा, दवाखाने, रस्ते, जंगल असे एकोणीस पत्ते मिळवले होते आणि खूश होती. दुसऱ्या फेरीत प्रत्येक पत्त्याच्या मागे खर्चाची नाणी लिहिलेली असतात. तिने सगळे उलटे करून बेरीज केली, पुन्हा केली, आणि मग गप्पच बसली. खर्च चाळीस नाण्यांचा, स्वतःचा कर नऊ नाण्यांचा. उरलेली एकतीस केंद्राकडून यायची. केंद्राच्या गटाने पहिली दोन वर्षं बरोबर दिली. तिसऱ्या वर्षी नियमाप्रमाणे केंद्राला एक गुप्त चिठ्ठी मिळते, "या वर्षी देणं थांबवू शकता". त्यांनी थांबवलं. कुठलाही अधिकार काढून घेतला नाही, एकही पत्ता परत मागितला नाही, फक्त हप्ता दिला नाही. ती मुलगी समोरच्या पत्त्यांकडे बघत होती आणि पगार कुठल्या शिक्षकांचा थांबवायचा हे तिच्या गटाला ठरवावं लागलं. वर्गात एवढी शांतता मी क्वचित ऐकलीय.

मग मी त्यांना इराकचं सांगितलं. २००५ च्या राज्यघटनेत कुर्दिस्तान प्रदेशाला चांगले भरभक्कम अधिकार आहेत, स्वतःचं सुरक्षा दलसुद्धा. बगदादच्या अंदाजपत्रकातून १७ टक्के वाटा ठरला होता. तेल कुणी विकायचं यावरून भांडण पेटलं आणि २०१४ मध्ये बगदादने तो वाटाच रोखला, आणि सरकारी नोकरांचे पगार लटकले. राज्यघटनेतलं एकही कलम बदललेलं नव्हतं. हे आधी सांगितलं असतं तर मुलांनी वहीत लिहून घेतलं असतं आणि संपलं असतं, पण नाणी थांबल्यानंतर सांगितलं म्हणून ते ऐकलं गेलं.

पुस्तिकांमधून पैशाचे वेगवेगळे नमुने येतात ते तुलनेला उत्तम आहेत. बास्क प्रदेशात कर गोळा करतात ते तिथले तीन प्रांत स्वतः, आणि संरक्षण, परराष्ट्र अशा केंद्राकडे राहिलेल्या कामांच्या खर्चातला ६.२४ टक्के वाटा माद्रिदला, म्हणजे स्पेनच्या केंद्र सरकारला भरतात. म्हणजे पैशाचा प्रवाह उलटा, खालून वर. ही व्यवस्था १८७८ पासूनची, मधे हुकूमशहा फ्रँकोने १९३७ मध्ये तीनपैकी दोन प्रांतांची काढून घेतली, १९८१ मध्ये नव्याने आली. इटलीच्या उत्तरेकडच्या दक्षिण टिरोलमध्ये बहुतेक करांतले दहातले नऊ भाग तिथेच राहतात. ओलांड बेटांना फिनलंडच्या सरकारी उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा मिळतो, बराच काळ तो ०.४५ टक्के होता, एकरकमी, आणि तो कशावर खर्च करायचा हे विचारायचा हक्क हेलसिंकीला, म्हणजे फिनलंड सरकारला नाही. ग्रीनलंडला डेन्मार्ककडून दरवर्षी मोठं अनुदान येतं, आणि खाणीतून उत्पन्न सुरू झालं की पहिल्या साडेसात कोटी क्रोनरच्या पुढच्या रकमेच्या निम्मं त्या अनुदानातून वजा होणार असं २००९ च्या कायद्यातच लिहून ठेवलंय. इंडोनेशियातल्या आचेचं वेगळंच. तीस वर्षांच्या लढाईनंतर १५ ऑगस्ट २००५ ला हेलसिंकीत करार झाला आणि तेल-वायूच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा प्रदेशाला देण्याचं ठरलं.

इथे एक तक्रार. नाण्यांचा पुठ्ठा फार पातळ आहे, दुसऱ्या शनिवारीच कडा निघायला लागल्या. आणि खर्चाचा तक्ता एकच दिलाय, तो वापरायच्या आधी झेरॉक्स काढून ठेवा.

तिसरी फेरी कुलपांची. आतापर्यंत जी सनद लिहिली ती बदलायची किल्ली कुणाकडे, एवढाच प्रश्न. मला स्वतःला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो, आणि संच बनवणाऱ्यांनाही तो तसाच वाटला असावा, कारण कुलपाचे बाराही पत्ते अतिशय विचार करून केलेत. "केंद्र एकटं साध्या बहुमताने बदलू शकतं" इथपासून "दोन्ही सभागृहांची दोन तृतीयांश संमती" ते "तिसरा देश साक्षीदार" इथपर्यंत.

ओलांडची पुस्तिका इथे वाचायला द्यायचीच. फिनलंडच्या आणि स्वीडनच्या मधली बेटं, वस्ती साधारण तीस हजार, भाषा स्वीडिश. फिनलंड स्वतंत्र झाल्यावर बेटावरच्या लोकांना स्वीडनमध्ये जायचं होतं, प्रकरण राष्ट्रसंघाकडे (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) गेलं आणि १९२१ मध्ये निकाल लागला की बेटं फिनलंडची, पण भाषा, जमीन आणि स्थानिक कारभाराची हमी द्यायची. आज जो कायदा चालतो तो १९९१ चा, लागू झाला १९९३ मध्ये. तो बदलायचा तर फिनलंडच्या संसदेला राज्यघटना बदलायची पद्धत वापरावी लागते आणि वर बेटांच्या ३० जणांच्या विधानसभेतही दोन तृतीयांश मतं लागतात. एकट्या हेलसिंकीला काही करता येत नाही, एकट्या बेटांनाही नाही. बेटांनी केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष अडवू शकतात पण दोनच कारणांवरून, अधिकाराबाहेरचा असला किंवा देशाच्या सुरक्षेशी संबंध आला तर. आणि त्याआधी कायदा तपासते ती एक छोटी समिती, दोन सदस्य फिनलंड सरकारचे, दोन बेटांचे, आणि अध्यक्षपदी बहुतेक राज्यपाल, ज्याची नेमणूकसुद्धा बेटांच्या सभापतीशी सहमतीनेच होते. आमच्या पंचांच्या गटाने हे वाचून स्वतःचीच रचना बदलली. आधी तीन पंच केंद्राने नेमलेले होते. "मॅडम, मग आमच्याकडे कोण न्याय मागायला येईल?" असं त्यांच्यातलाच एक मुलगा म्हणाला आणि त्यांनी दोन-दोनची समिती केली. हे नियमपुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही, त्यांचं त्यांनी केलं.

कुलूप कच्चं असलं की काय होतं याला एरिट्रियाची पुस्तिका आहे, आणि ती वाचताना मलाच जड गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या १९५० च्या ठरावाने एरिट्रियाला इथिओपियाशी जोडलं, स्वायत्त म्हणून, १९५२ पासून. स्वतःची विधानसभा, स्वतःचा झेंडा, स्वतःची राज्यघटना, सगळं कागदावर. इथिओपियाच्या सम्राटाला, हैले सेलासीला, थोपवेल असा पंच मात्र कुणीच नेमला नव्हता. एकेक करून सगळं काढत काढत १९६२ मध्ये हैले सेलासीने तो सरळ एक प्रांत करून टाकला. त्याच्या आदल्याच वर्षी लढाई सुरू झाली होती, ती चालली तीस वर्षं, आणि १९९३ मध्ये देश वेगळा झाला. तुकडा धरून ठेवण्यासाठी स्वायत्तता मोडली आणि तुकडाच गेला. केंद्राच्या गटातली मुलं यावर बराच वेळ आपापसात बोलत होती आणि मी मधे पडले नाही.

ब्रिटनचं कुलूप मुलांना विचित्र वाटलं. स्कॉटलंडच्या विषयांवर लंडनची संसद सहसा त्यांच्या संमतीशिवाय कायदा करणार नाही असा संकेत आहे, तो कायद्यातही लिहिला गेला, पण त्यात "सहसा" हा शब्द ठेवून, आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा राजकीय संकेत आहे, कोर्ट तो राबवणार नाही. स्पेनच्या राज्यघटनेत कलम १५५ आहे, प्रदेश घटनेप्रमाणे वागत नसेल तर सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, बहुमताने केंद्र पावलं उचलू शकतं. चाळीस वर्षं ते कागदावरच होतं, पहिल्यांदा वापरलं २७ ऑक्टोबर २०१७ ला, कॅटलोनियात. हे दोन्ही पत्ते आमच्या खेळात आले तेव्हा प्रदेशाच्या गटाने "सहसा" शब्द खोडायला तीन अधिकार-पत्ते परत दिले. एका शब्दासाठी तीन पत्ते, आणि माझ्या मते सौदा बरोबर होता.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल.

चौथी फेरी आहे प्रदेशाच्या आतल्या छोट्या गटाची. कल्पना फार मोलाची आहे कारण स्वायत्तता मागणारा प्रदेश स्वतः कधीच एकजिनसी नसतो, त्याच्या आत कुणीतरी असतंच ज्याला नव्या राजधानीची भीती वाटते. पण नकाशावर प्रदेशाची सीमा आधीच रंगवून दिलीय! आणि प्रत्यक्षात अर्धी भांडणं त्या रेषेवरूनच असतात. कमाल म्हणजे त्यांच्याच दक्षिण टिरोलच्या पुस्तिकेत हे इतकं स्पष्ट आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचा हा जर्मन भाषक भाग इटलीत आला. ५ सप्टेंबर १९४६ ला पॅरिसमध्ये दोन देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, ग्रुबर आणि दे गास्पेरी यांनी करार केला की इथल्या लोकांना स्वायत्त कारभार देऊ. १९४८ मध्ये इटलीने सनद दिली खरी, पण दक्षिण टिरोलला शेजारच्या ट्रेंटोशी जोडून एकच प्रदेश केला, आणि जोडल्याबरोबर त्या प्रदेशात बहुमत इटालियन भाषकांचं झालं. अधिकार दिले, रेषा अशी आखली की ते दुसऱ्यांच्याच हातात गेले. १९५७ मध्ये तिथल्या जर्मन भाषकांचे नेते सिल्व्हिउस माग्नागो यांच्या सभेला हजारो लोक जमले, मागणी एकच, ट्रेंटोपासून सोडवा. ऑस्ट्रियाने १९६० मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत विजेचे मनोरे स्फोटांनी पाडले गेले. मग एकोणीस जणांचा आयोग, मग १३७ उपायांचं पॅकेज, मग १९७२ ची दुसरी सनद, जिच्यात खरे अधिकार बोल्त्सानो (म्हणजेच दक्षिण टिरोल) आणि ट्रेंटो या दोन प्रांतांना वेगवेगळे दिले. वाद मिटला असं ऑस्ट्रियाने जाहीर केलं ते १९९२ मध्ये. एका रेषेची ही किंमत.

एवढं सगळं स्वतः छापून वर नकाशात रेषा तयार द्यायची हे मला पटलं नाही. आम्ही चौथ्या शनिवारी नकाशा गुंडाळून ठेवला आणि फरशीवर खडूने देश काढला, गावं म्हणून डबे ठेवले, प्रत्येक डब्यावर तिथे कुठली भाषा किती हे लिहिलं, आणि सांगितलं की आधी सीमा ठरवा. तासभर लागला. छोट्या गटाच्या मुलांनी तीन गावं बाहेर ठेवायला लावली, मग त्यांच्या लक्षात आलं की ती तीन गावं बाहेर गेली की आत उरलेले आपले लोक अजूनच थोडे होतात, आणि त्यांनी ती परत आत घेतली. हा विचार छापील नकाशावर झालाच नसता. संच घेणाऱ्यांनी खडूच वापरा, अगदी मनापासून सांगते.

छोट्या गटाला काय देता येतं याची उदाहरणं मात्र पुस्तिकेत भरपूर आहेत. दक्षिण टिरोलमध्ये माणूस आपला भाषागट जाहीर करतो, ते निवेदन बंद पाकिटात राहतं, आणि सरकारी नोकऱ्या गटांच्या प्रमाणात वाटल्या जातात. २०११ च्या जनगणनेत जर्मन ६९.४१ टक्के, इटालियन २६.०६, लादिन हा तिसरा छोटा भाषागट ४.५३. सरकारी नोकरीला दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. आमच्या वर्गात यावर दोन तट पडले. एका मुलीचं म्हणणं होतं की यामुळे भांडण थांबलं हे खरं, पण ज्याची आई एका गटाची आणि वडील दुसऱ्या, त्याने पाकिटात काय लिहायचं? यावर नियमपुस्तिका गप्प आहे, आणि मी तिला लगेच उत्तर दिलं नाही कारण तिथेही लोक यावर अजून वाद घालतात.

दुसरी मोठी उणीव भारताची. आठ पुस्तिकांत भारत नाही, एका पुस्तिकेच्या शेवटी अर्धं पान आहे आणि त्यातही आदिवासी भागांच्या स्वायत्त परिषदांबद्दलची राज्यघटनेतली सहावी अनुसूची सगळ्या ईशान्येला लागू आहे असं लिहिलंय, जे साफ चूक आहे. ती आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम या चारच राज्यांतल्या आदिवासी भागांना लागू आहे. लडाखच्या लेह आणि कारगिलच्या पर्वतीय परिषदा तर साध्या कायद्याने आलेल्या, अनुसूचीत नाहीत. म्हणून नववी पुस्तिका मीच तयार केली. सहाव्या अनुसूचीत दहा स्वायत्त परिषदा आहेत. साधारण परिषदेत जास्तीत जास्त ३० सदस्य, त्यातले चारपर्यंत राज्यपालांनी नेमलेले. जमीन, राखीव नसलेलं जंगल, फिरती शेती, गावपंचायती, वारसा, लग्नाच्या रूढी यांवर कायदे करता येतात, गावची न्यायालयं बसवता येतात, सारा आणि काही कर घेता येतात, खनिजांच्या रॉयल्टीत वाटा मिळतो. पण कायद्याला राज्यपालांची संमती लागते, आणि राज्यपाल परिषद बरखास्तही करू शकतात. बोडोलँडची परिषद २००३ ची, तिच्यात ४६ जागा, त्यातल्या ४० निवडून येणाऱ्या, ३० अनुसूचित जमातींसाठी, पाच बिगर-आदिवासींसाठी, पाच सगळ्यांना खुल्या, आणि सहा राज्यपालांनी नेमायच्या. म्हणजे आतल्या छोट्या गटाचा प्रश्न इथे जागांच्या गणितात सोडवायचा प्रयत्न आहे.

आणि कुलूप? हे शोधताना मी स्वतः शिकले. अनुसूचीच्या परिच्छेद २१ प्रमाणे संसद साध्या कायद्याने ही अनुसूची बदलू शकते, आणि तो बदल कलम ३६८ खालची घटनादुरुस्ती मानला जात नाही. परिषदेची संमती लागेल असं कुठेही नाही. मुलांनी ओलांडचा पत्ता आणि हा पत्ता शेजारी शेजारी ठेवले आणि मग प्रश्नांचा मारा सुरू झाला, तो तास संपल्यावर जिन्यापर्यंत चालू होता.

बाकी किरकोळ. वाळूचं घड्याळ बारा मिनिटांचं म्हणतात, माझ्याकडचं नऊ मिनिटांत संपतं. बदलून मागितलं, अजून उत्तर नाही. नियमपुस्तिका गरजेपेक्षा लांब आहे, पहिल्या दिवशी पान १ ते ६ पुरेत. आठपेक्षा कमी जण असतील तर मजा येणार नाही, पंचांचा गट रिकामा पडतो. आणि केंद्राची भूमिका वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलांना देऊ नका, देशाच्या बाजूने विचार करायला सगळ्यांनाच शिकायचंय, दुसऱ्या वेळी भूमिका उलट्या करा. आम्ही तिसऱ्या फेरीनंतर केल्या, तेव्हा कालपर्यंत प्रदेशाचा कैवार घेणारा मुलगा केंद्राच्या खुर्चीत बसून म्हणाला की त्यांचे खासदार इथे येऊन आमच्या शाळांवर मत देणार आणि आम्हाला त्यांच्या शाळांवर बोलता येणार नाही, हे कसं? त्याला माहीत नव्हतं की हाच प्रश्न टॅम डॅलिएल या खासदाराने १९७७ मध्ये ब्रिटिश संसदेत विचारला होता आणि त्याच्या मतदारसंघाच्या नावाने तो अजून ओळखला जातो.

शेवटच्या शनिवारी आवरताना अर्थमंत्री मुलीने विचारलं की ओलांडवरची एखादी मुलगी शिकायला बाहेर गेली तर तिचं काय? मी सांगितलं की तिथे जमीन घ्यायला आणि विधानसभेसाठी मत द्यायला वेगळा रहिवास-हक्क लागतो, बाहेरून आलेल्या फिनिश नागरिकाला तो पाच वर्षं राहून आणि स्वीडिश येत असेल तर मिळतो, आणि बेट सोडून पाच वर्षं बाहेर राहिलं की जातो. ती म्हणाली, मग डॉक्टर व्हायला गेलेलीचा जाईलच. तिने तिथेच एक कोरा पत्ता कापला, त्यावर "शिकायला गेलेले" असं लिहिलं आणि खाली दोन रकाने आखले, किती वर्षं आणि कोण ठरवणार. डब्यात आता साठाऐवजी एकसष्ट पत्ते आहेत. पुढच्या तुकडीला तो पहिल्याच फेरीत देणार आहे.